बाबांच्या झोपेची बातमी

ताई, तुझं वय, शिक्षण, आजार आणि मागे कोण कोण आहे, हे चार ओळींत छापून आलं आहे. त्या ओळी मीच लिहिल्या. नागपूरच्या पेपरात डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या घरचा तसा मजकूर रोज लिहितो, त्यामुळे हात थांबला नाही. तो मजकूर झाला. हा वेगळा आहे. हा तू मला लिहू देत नव्हतीस.

आपलं भांडण एकाच बातमीवरून होतं आणि ती बातमी तुझी होती. मी दर वेळी भिलाईला आलो की विषय काढायचो, तू दर वेळी नाही म्हणायचीस. शेवटी इस्पितळात विचारलं तेव्हा तू नाही म्हणाली नाहीस. हो पण म्हणाली नाहीस. चहा मागितलास. नर्स चहा द्यायला तयार नव्हती, आपण तिच्याशी वाद घालत बसलो आणि मूळ वाद तसाच राहिला.

बातमी समजायला आधी आपलं क्वार्टर सांगावं लागतं.

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, सेक्टरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर. बाबा रोलिंग मिलला. एक आठवडा सकाळची पाळी, एक दुपारची, एक रात्रीची, मग पुन्हा पहिल्यापासून. रात्रीच्या पाळीला सगळे 'नाइट' म्हणत. नाइटच्या आठवड्यात बाबा उजाडल्यावर घरी येत, चहापोळी खात आणि आतल्या खोलीत झोपत. खिडकीच्या काचांना आईनं खाकी कागद चिकटवला होता. दुपारी त्यातून उजेड यायचा तो ताकातल्या हळदीसारखा. कडीला चिंधी बांधलेली असायची. त्या आठवड्यात कुकर लागत नसे, वरण पातेल्यात शिजायचं आणि त्याची चव वेगळी लागायची. आपण शाळेतून आलो की चपला दारातच काढून हातात घ्यायचो.

खुणांची भाषा तू काढलीस. मूठ म्हणजे पाणी, कान धरला म्हणजे भूक, नाकाला बोट म्हणजे आई चिडली आहे. लुडोचा फासा घडी घातलेल्या चादरीवर टाकायचा हा नियमही तुझाच. एकदा तुझी शेवटची सोंगटी घरात गेली तेव्हा तू उशीत तोंड खुपसून ओरडलीस. किती वेळ ओरडत होतीस ते फक्त तुझ्या पाठीवरून कळत होतं.

बाहेर जाऊन खेळावं तर तीही सोय नव्हती. आपले बाबा सकाळच्या पाळीला असले की शेजारचे साहूकाका नाइटला असायचे. गल्लीत रोज कुणाचे ना कुणाचे वडील झोपलेले. साहूकाकी दारात येऊन दबक्या आवाजात म्हणायच्या, "तोर कका सुते हे, झन चिल्ला." म्हणजे काका झोपलेत, ओरडू नका. आणि आपण त्यांच्या ओट्यावरून पाय न वाजवता निघून जायचो. तू मला शाळेमागच्या मैदानावर न्यायचीस आणि आपण दम लागून पडेपर्यंत पळायचो. का पळतो, ते तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ते दिवस वाईट होते असं मला आठवत नाही. चार वाजायच्या सुमारास आतून बाबांचा आवाज यायचा, "उठलो गा." तेवढाच शब्द. आई रेडिओ लावायची, बादली आपटायची, तू खुर्चीवरून उडी मारायचीस. घर सुरू व्हायचं. त्यानंतर मी बरीच घरं पाहिली. अशी रोज एका शब्दावर सुरू होणारी कुठे पाहिली नाहीत.

तू नागपूरला जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकलीस. ती काय असते हे बाबांना समजावताना तू एकदा त्यांच्या उजव्या हाताची बोटं बांधून ठेवलीस आणि शर्टाची बटणं लावायला सांगितलीस. ते झगडले, चिडले, मग हसले. "आता हेच मी शिकवते," तू म्हणालीस. "ज्याले हे जमत नाही, त्याले जमवून देते." परत येऊन तुला प्लांटच्या इस्पितळात नोकरी लागली. भाजलेले, चेंगरलेले हात तुझ्याकडे यायचे. तू त्यांना पुन्हा घास धरायला, पेन धरायला लावायचीस. बाबांच्या मिलमधलेही काही तुझ्या हाताखालून गेले. बाबा तेव्हा गल्लीत छाती काढून चालायचे.

मग तू नोकरी सोडलीस.

जेवताना ते निघालं. बाबा तुझ्याशी न बोलता आईशी बोलले. "पक्की नोकरी सोडून सुपेल्यात दुकान टाकते म्हणे तुझी पोरगी."

"दुकान नाही बाबा," तू म्हणालीस. "शाळेच्या पोट्ट्याइसाठी प्रोग्राम आहे."

"पैसे घेशील का नाई?"

"घेईन ना."

"मंग दुकानच झालं."

"बरं. दुकान."

आई म्हणाली, "पोळी घे," आणि दोघांच्याही ताटात वाढली.

बाबांचं म्हणणं अगदीच वेडं नव्हतं. आपल्या गावात शाळा प्लांटची, इस्पितळ प्लांटचं, पाणी, दिवे, रस्ते प्लांटचे. जे प्लांटनं दिलं नाही ते लागतच नसावं, असा सगळ्यांचा समज. त्यात तू जे विकायला निघालीस ते दाखवता येण्यासारखं नव्हतं. ज्या मुलाला पेन्सिल नीट धरता येत नाही, ज्याला बाकावर बसवत नाही, जो ओळीत उभं राहताना पुढच्यावर कलंडतो, त्याला आपल्याकडे मंद म्हणत किंवा आगाऊ म्हणत आणि एक ठेवून देत. इस्पितळात अशी मुलं तुझ्याकडे यायची ती फार उशिरा, आणि यायची ती दुसऱ्याच कारणानं. तू म्हणत होतीस, यांना शाळेतच गाठलं पाहिजे. शाळेनं आठवड्यातून दोन तास द्यावेत, फी पालकांनी द्यावी, बाकी तू बघशील. लायब्ररीतल्यासारखं शांत बोलत तू शाळांच्या पायऱ्या चढलीस. बहुतेकांनी चहा पाजून वाटेला लावलं. वैशाली नगरच्या एका खासगी शाळेनं हो म्हटलं, पण एका सत्रापुरतं.

जागा तुला सुपेल्याच्या बाजारात मिळाली, वेल्डिंगच्या दुकानांच्या रांगेत. शेजारी रफीकभाई खिडक्यांचे गज आणि फाटकं बनवायचे. मुलांना तोल शिकवायची तुझी डुगडुगती फळी आणि ट्रकच्या ट्यूबचा झोपाळा टांगायची चौकट त्यांनीच जोडून दिली. पहिल्याच आठवड्यात तू त्यांना हात जोडून विनंती केलीस की मुलं असतात तेवढा वेळ घण मारू नका. त्यांनी ऐकलं. तो तास ते बाहेर बाकावर बसून काढायचे.

मी त्या दिवसांत आलो होतो. खोली बघून चाट पडलो. मुलं ओळीत बसून मणी ओवत होती, पीठ मळत होती, वाळूत बोटानं अक्षरं काढत होती, आणि टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. तू दबक्या आवाजात एकेकाजवळ जात होतीस. कुणी जरा उठलं की ओठांवर बोट. वैशाली नगरच्या प्राचार्याबाई पाहून गेल्या आणि म्हणाल्या, "आपके यहाँ तो बच्चे कितने शांत रहते हैं, बहनजी." तुला ते आवडलं. मलाही आवडलं.

फक्त मुलांत फरक पडत नव्हता. तुझ्याकडून वर्गात गेली की ती होती तशीच. सत्र संपत आलं आणि बाईंनी निरोप धाडला की पुढच्या सत्राचा विचार करावा लागेल. दुसरी शाळा हातात नव्हती. इस्पितळातली जागा भरली गेली होती. घरी असले की बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "दुकान बंद झालं का?" त्या प्रश्नाचे किती अर्थ होतात ते तू मोजत बसायचीस. उत्तर मात्र साधं द्यायचीस. "हो, शटर पाडलं. तुमची झोप झाली का बाबा?" ते म्हणायचे, "झाली." मग दोघं आपापल्या खोलीत.

मीनाची गोष्ट तू मला रेल्वे फाटकाशी उभं राहून सांगितलीस. मालगाडी जात होती म्हणून मोठ्यानं सांगावी लागली.

मीना खुर्सीपार वस्तीतली, तिसरीतली. वडील प्लांटच्या कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीला. वही फाटेल इतकी दाबून लिहायची, बाकावर टिकायची नाही, शेजारणीला ढकलायची. वर्गातल्या बाईंचं म्हणणं असं की काही आठवडे ती बरी असते आणि काही आठवडे तिच्यात भूत शिरतं. त्या दिवशी तिची आई न्यायला आली. मीना झोपाळ्याजवळ होती, आईला बघून तिनं हाक मारली. आईनं आणि तू, दोघींनी एकाच वेळी 'श्श' केलं.

मीनानं खोलीभर पाहिलं. मग खरोखर माहीत करून घ्यायचं म्हणून तिनं विचारलं, "यहाँ कौन सोया है?"

"विजू," तू फाटकाशी म्हणालीस. "कोण झोपलं होतं तिथं? कोणीच नाही. मी अख्खी खोली झोपवून ठेवली होती. माझ्या खोलीत बाबा झोपले होते."

त्यानंतर तू मीनाच्या आईला बसवून घेतलंस आणि विचारलंस की भूत कोणत्या आठवड्यात शिरतं. ती हसली आणि म्हणाली, बाप नाइटला असला की. घरी तो आठवडा ती पोरीला हलू देत नव्हती, मग शाळेत हलणारच. एवढी साधी गोष्ट. तू मग बाकीच्या मुलांच्या आयांना विचारत गेलीस. सगळ्यांचं तसं नव्हतं. मीही हे लिहिताना जपून लिहितो आहे. काहींचा त्रास वेगळा होता आणि तो तू वेगळा हाताळलास. पण बऱ्याच मुलांचा वर्गातला धिंगाणा बापाच्या पाळीबरोबर फिरत होता. नाइटचा आठवडा आला की वाढायचा, सरला की ओसरायचा. दोन खोल्यांच्या घरात मूल दिवसभर आपलं अंग आवरून धरायचं आणि ते अंग शाळेत सुटायचं.

दुसऱ्या दिवशी तू रफीकभाईंकडे गेलीस आणि घण चालू ठेवा म्हणालीस. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बहनजी, पहले बोलीं बंद करो. अब बोलती हो चालू करो. मैं वेल्डर हूँ कि रेडियो?"

मण्यांच्या बरण्या कपाटात गेल्या. वाळूची पोती ओढणं आलं, भिंत ढकलणं आलं, गादीवर उड्या, दोरीवर लोंबकळणं, आणि ओरडणं. नाइटच्या आठवड्यातल्या मुलांना तू शाळेतून थेट आपल्याकडे बोलावलंस. आधी अंग, मग अक्षर, हा तुझा क्रम. पुढच्या वेळी मी आलो तेव्हा तुझ्या खोलीत आणि रफीकभाईंच्या दुकानात जास्त गोंगाट कुठे आहे ते सांगता येत नव्हतं. प्राचार्याबाई दारातूनच परत निघाल्या होत्या. तू त्यांना हाताला धरून वर्गापर्यंत घेऊन गेलीस आणि मीनाची वही दाखवलीस. वही फाटलेली नव्हती. पुढचं सत्र मिळालं. त्यानंतर दुसरी शाळा आली, तिसरी आली. तुझं दुकान चाललं, ताई. हे मी आज छापील अक्षरात लिहितो आहे, कारण घरात ते कुणी तुला कधी म्हटलं नाही.

बापांशी बोलायचं काम तू स्वतःकडे ठेवलंस. एकेकाला पाळी सुटल्यावर बोलवायचीस. मीनाचे वडील आले तेव्हा मी तिथे होतो. तू सांगितलंस ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "मंग मी काय करू बाई? झोपू नको का?"

"झोपा ना. झोपलंच पाहिजे, तिकडं भट्टीपाशी उभं राहायचं असते तुमाले. फक्त त्या हप्त्यात पोरीले आधी माझ्याकडं धाडा. तिचं ओरडणं मी ऐकते. तुमी झोपा."

ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "तिनं मले कधी उठवलं नाही बाई. एकदाही नाही." त्यांच्या बोलण्यात अभिमान होता.

इथून आपलं भांडण सुरू होतं. मी त्याच संध्याकाळी म्हटलं, हे छापायला पाहिजे. आणखी किती घरं असतील, फक्त भिलाईत नाही, जिथे जिथे पाळ्या आहेत तिथे.

"नाई छापायचं."

"कावून?"

"बाबा पेपर वाचतात."

"बाबांचं नाव कुठं येते त्यात?"

"नाव कावून लागते? पंचवीस वर्सं नाइट केली त्याइनं. आपल्यासाठी केली. आता म्हातारपणी वाचू देतोस का, की तुझ्या झोपेनं पोरं बिघडली?"

"बिघडली असं मी लिहिणारच नाही."

"तू नाही लिहिणार. ते तसंच वाचतील."

मी म्हणायचो, खरी गोष्ट दोष न देता सांगता येते, माझा धंदाच तो आहे. तू म्हणायचीस, तुझी बातमी एका दिवसाची असते, मी त्या माणसाच्या समोर रोज जेवते. मी म्हणायचो, म्हणजे मीनासारख्या इतर पोरींनी वाट बघायची. ते तुलाही लागत होतं. पण हो म्हणायची नाहीस. पुढे बाबा निवृत्त झाले, वैशाली नगरला घर बांधलं, आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि बाबा तिला पेपर मोठ्यानं वाचून दाखवू लागले. तेव्हा तू म्हणालीस, "आता तर मुळीच नाही. आता त्याइले ते आपल्या तोंडानं वाचावं लागन."

त्यांची दुपारची झोप निवृत्तीनंतरही सुटली नाही. त्या वेळात आपण दोघं, केस पांढरे व्हायला लागलेली माणसं, त्यांच्या घरात अजूनही खुणांनी बोलायचो. मूठ म्हणजे पाणी.

बाबा तुझ्या केंद्रावर एकदाही आले नाहीत. तू त्याबद्दल काही बोलली नाहीस, म्हणून मीही विचारलं नाही. आता विचारायला हवं होतं असं वाटतं, पण तू काय उत्तर दिलं असतंस तेही मला माहीत आहे. मानेला झटका आणि दुसरा विषय.

तुला शेवटचं घरी आणलं त्या दिवशी सुपेल्याहून मुलं आली, आयांबरोबर. समोरच्या खोलीत तुला ठेवलं होतं. मुलं ती, कुणी कुणाला धक्का दिला, कुणी हसलं, आणि खोलीतल्या सगळ्या बायांनी एकदम 'श्श' केलं. बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "त्याइले चूप नका करू." पुन्हा म्हणाले, "तिच्यासमोर चूप नका करू." मला तेव्हाही कळलं नाही. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, मुलांची दया आली.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मी बॅग भरत होतो. बाबा येऊन पलंगावर बसले.

"ते लिहिलं का तू?"

"काय?"

"माझ्या झोपेचं."

मी शर्टाची घडी घालत राहिलो. मग विचारलं, "तुमाले कोणं सांगितलं?"

"कोणं नाही सांगितलं ते विचार. अरे, एकेका बापाले बोलवून तिनं सांगितलं. ते बाप कुठं कामाले होते? माझ्याच मिलले, शेजारच्या भट्टीले. ड्यूटीवर येऊन मलेच सांगत, तुमची पोरगी असं असं म्हणते. मी म्हणो, बरोबर म्हणते."

आपण दोघं वर्षानुवर्षं एक बातमी दाबून ठेवली होती, ताई. ती सगळ्या प्लांटला माहीत होती.

"मंग तिले कावून नाही बोलले?" मी विचारलं. "दुकान दुकान करत राहिले."

बाबांनी पलंगावरच्या चादरीची सुरकुती सारखी केली. मग म्हणाले, "ती घरी आली का रोज विचारे, झोप झाली का बाबा. मले वाटे, हिले तेच ऐकायचं हाय, का झाली. म्हणून मी झाली म्हणो. झाली नसली तरी म्हणो." पुढे म्हणाले, "मी तिले विचारो, दुकान बंद झालं का. म्हणजे थकली असशील, आता बस, असं. तिले ते कळत होतं ना?"

मी हो म्हटलं. बातमीदार म्हणून सांगायचं तर या उत्तराला माझ्याकडे आधार नाही. तू असतीस तर तुला विचारून दुरुस्त केलं असतं. आहे तसं ठेवतो आहे.

जाताना ते म्हणाले, "लिहून टाक. नाव टाकायचं असन तर टाक माझं." नाव मी टाकलेलं नाही. तेवढं तुझं ऐकलं.

भांडण मिटलं असं मात्र समजू नकोस. तू त्यांना जपत होतीस आणि ते तुला, आणि या जपण्यात तुम्ही दोघं एकाच घरात इतकं कमी बोललात, हे मला अजून पटत नाही. पण तुझ्या त्याच खुणांनी मी लहानपणी पाणी मागितलं आहे आणि ते दर वेळी मिळालं आहे, हेही खरं. दोन्ही लिहून ठेवतो.

नागपूरचा पेपर भिलाईला पोचून घरोघर जाईतो दुपार होते. बाबांची झोपायची वेळ. त्या दिवशी ते झोपणार नाहीत. आई पलंगावर डोळे मिटून बसेल, बाबा खिडकीशी खुर्ची ओढतील, चष्मा पुसतील आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागतील. आईला आता कमी ऐकू येतं. त्यामुळे भर दुपारी, आपल्या घरात, त्यांना मोठ्यानं वाचावं लागेल.